क्लबची फी म्हणजे स्कॉलरशिपचा हप्ता नव्हे

न्यू जर्सीतल्या मराठी पालकांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मुलांना आठव्या वर्षीच महागड्या सॉकर क्लबात घाला, शाळेच्या टीममध्ये वेळ घालवू नका, दरवर्षी जाणारे हजारो डॉलर गुंतवणूक समजा, पुढे कॉलेज फुकट होईल. माझी मुलगी नऊ वर्षं क्लबात खेळली. या मेसेजच्या भरवशावर लोकांनी कॉलेजसाठी साठवलेले पैसे क्लबात घातलेले मी पाहिलेत, म्हणून हे लिहितेय.

आधी ‘कॉलेज फुकट’बद्दल. २०२४-२५पर्यंत एनसीएएच्या (कॉलेजांमधले खेळ चालवणारी संस्था) डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, पुरुषांच्या एका सॉकर टीमला ९.९ पूर्ण स्कॉलरशिपइतकीच रक्कम देता येई, महिलांच्या टीमला १४. टीममध्ये पंचवीस-तीस मुलं, आणि हा आकडा चारही वर्षांच्या मुलांचा मिळून. म्हणजे नव्या बॅचसाठी दरवर्षी त्यातला थोडासाच वाटा मोकळा व्हायचा. कोच त्याचेही तुकडे करायचा: कुणाला निम्मी फी, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही. जून २०२५मध्ये कोर्टाने हाऊस खटल्यातली (खेळाडूंनी एनसीएएवर भरलेला) तडजोड मंजूर केली आणि ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी ही मर्यादा गेली. तिच्या जागी टीममध्ये जास्तीत जास्त २८ खेळाडू, असा नियम आला. लगेच ‘आता २८ जणांना फुल स्कॉलरशिप’ अशी नवी पुडी सुटली. कॉलेजला तशी मुभा आहे, सक्ती नाही, आणि पैसा त्यांनाच उभा करायचाय. उलट स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये शिरणाऱ्या मुलांच्या जागा आटल्या. त्यात पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये परदेशी अकादम्यांत तयार झालेली, वयाने मोठी मुलंही त्याच जागांसाठी येतात. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभर मुलांतली पाच-सातच एनसीएएच्या कुठल्याही डिव्हिजनपर्यंत पोचतात.

दुसरा दावा: ‘आठवीतच कॉलेजच्या कोचचं पत्र आलं, म्हणजे निवड झाली.’ तसं नाही. डिव्हिजन वनचा कोच दहावी संपल्यावर, १५ जूनपासूनच मुलाशी भरतीबद्दल बोलू शकतो. त्याआधी येतात ती बहुतेक उन्हाळी शिबिराची आमंत्रणं. ती एकगठ्ठा पाठवलेली असतात आणि शिबिराची फी आपणच भरायची असते.

शाळेच्या टीमबद्दल इतिहास तपासावा. २००७मध्ये अमेरिकन सॉकर संघटनेने डेव्हलपमेंट अकादमी (निवडक क्लबांची लीग) सुरू केली आणि २०१२पासून तिथल्या मुलांना शाळेसाठी खेळायला बंदी घातली. हाच एकमेव रस्ता, असं तेव्हा पालकांना सांगितलं गेलं. एप्रिल २०२०मध्ये ती अकादमीच बंद झाली. शाळेतल्या मित्रांबरोबर खेळायची वर्षं त्या मुलांना परत मिळाली नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. ईसीएनएल या देशभरातल्या क्लब लीगमधल्या मुली शाळेसाठीही खेळतात आणि त्यांना कॉलेजंही मिळतात.

आणि ‘आठव्या वर्षी नाही तर कधीच नाही’? आपल्याच न्यू जर्सीचा मॅट टर्नर हायस्कूलमध्ये असताना सॉकरकडे गंभीरपणे वळला. फेअरफिल्डसारख्या लहान विद्यापीठात खेळला, एमएलएस या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) त्याला कुणीही निवडलं नाही, आणि २०२२च्या विश्वचषकात तोच अमेरिकेचा गोलकीपर होता. असे टर्नर थोडेच, हे मान्य. पण दार आठव्या वर्षी बंद होत नाही.

क्लब वाईट नाहीत. माझ्या मुलीला तिथे उत्तम कोच आणि जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या, त्या पैशांबद्दल मला हळहळ नाही. मात्र क्लब त्यांच्या ‘कमिट’ झालेल्या, म्हणजे कॉलेजच्या टीममध्ये जायचं ठरलेल्या मुलांची यादी दाखवतील, तेव्हा प्रत्येक नावापुढे कुठली डिव्हिजन ते विचारा. डिव्हिजन थ्री किंवा आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) असेल, तर खेळासाठी त्या मुलाला एक डॉलरही मिळालेला नाही. डिव्हिजन थ्रीत मदत मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मिळते, आयव्हीत फक्त उत्पन्नावर. उरलेल्यांपैकी किती जणांची निम्म्याहून जास्त फी भागली, हेही विचारा, आणि उत्तर लेखी मागा.