काकांना अक्षत

आमच्या घराण्यात कुठल्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणणं कमीपणाचं समजतात. श्रीखंड वाढायला आलं की आधी ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, मग ‘बरं, बोटभर’ म्हणायचं आणि मग पातेल्यात किती उरलंय ते डोकावून बघायचं. सरकारला ही रीत कोण सांगणार? 1 मार्च 2021 ला साठीच्या पुढच्यांसाठी करोनाची लस सुरू झाली आणि सरकार एकदम ‘या, टोचून घ्या’ म्हणून मोकळं झालं. आग्रह नाही, काही नाही.

माझे बाबा त्याच आठवड्यात जाऊन आले. त्यांचे एक डॉक्टर मित्र गाडी घेऊन न्यायलाच आले होते. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात बाबा खाली राहतात, वर त्यांचे थोरले बंधू नानाकाका. धाकट्याला न्यायला दारात गाडी आली हे थोरल्याने गॅलरीतून पाहिलं आणि संध्याकाळी जाहीर केलं, “मी घेणार नाही. माझा शास्त्रीय आक्षेप आहे.”

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या विषयात घरात माझं कोणी ऐकत नाही. तरी विचारलं, कुठला आक्षेप?

तर तो ठरलेला नव्हता. आधी स्वच्छतेचा निघाला. “अपना इंदूर चार वेळा देशात पहिला आला. विषाणू येऊन राहणार कुठे?” मग एप्रिल आला. दवा बाजारात रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी माणसं तासन्‌तास रांगेत उभी होती, गल्लीत कुणाचा फोन वाजला तरी धस्स व्हायचं. त्या महिन्यात काकांनी एकही आक्षेप काढला नाही, गॅलरीतही आले नाहीत. मे संपता संपता जरा ओसरलं आणि आक्षेप घरी परतले.

कोविशील्ड लसीच्या दोन डोसांमध्ये आधी 28 दिवस म्हणाले होते, मार्चअखेर सहा ते आठ आठवडे झाले, मेमध्ये बारा ते सोळा. काका म्हणाले, “मुलीकडचे इतक्यांदा तारीख पुढे ढकलतात ना, तेव्हा समजायचं की काहीतरी आहे.” जास्त अंतराने प्रतिकारशक्ती चांगली तयार होते असं ब्रिटनमधल्या अनुभवावरून दिसलं, म्हणून बदललं, असं मी सांगितलं. “ब्रिटन! त्यांना आपण 1947 लाच घालवलं.” यावर जीवशास्त्रात उत्तर नाही.

खरा रंग भरला तो माकडावरून. कोविशील्डमध्ये चिंपांझीला सर्दी करणारा एक विषाणू वापरतात. तो वाढू नये अशी आधी सोय करतात आणि मग त्याच्याबरोबर करोनाची ओळखपत्रिका आपल्या पेशींना धाडतात. हे ऐकून काका ताठच झाले. “म्हणजे माकडाचं दुखणं आता माझ्या दंडात?”

कुसुमआत्या कोपऱ्यात मटार सोलत बसली होती. ती काकांहून मोठी, त्यामुळे शास्त्राच्याही वर. म्हणाली, “नाना, दर शनिवारी कुठे जातोस रे?”

“मारुतीला.”

“मग?”

काकांनी विषय बदलला. पण आत्या सोडते थोडीच! “हा लहानपणापासून असाच. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, गल्लीत आला की माळ्यावर कोळशाच्या पोत्यामागे लपायचा. शेवटी आईने लाडवाचं आमिष दाखवून उतरवला.”

काकांनी तिथल्या तिथे बाही वर केली. डाव्या दंडावर देवीचे दोन वण, जुन्या नाण्याएवढे, मधे चपटे आणि कडेने चुण्या पडलेले. “काढल्या की नाही? पण त्या गाईच्या होत्या. गाईची गोष्ट वेगळी.”

हे अगदीच खोटं नाही. 1796 मध्ये जेन्नर या इंग्रज डॉक्टरने गाईच्या देवीचाच उपयोग केला होता. मात्र आपल्या देशात ती लस पुढे बरेचदा रेडकांच्या अंगावर वाढवत, हे मी काकांना मुळीच सांगितलं नाही. मारुती एक वेळ चालेल, रेडा थेट यमाचा! बाकी गाय असो की रेडा, देवीचा रोगी दाखवणाऱ्याला सरकार 1000 रुपये बक्षीस द्यायला निघालं तरी रोगी मिळेना, अशी वेळ शेवटी आली. शीतलामाता म्हणजे या रोगाचीच देवी, पण आता इंदुरात शीतलामाता बाजारात लोक जातात ते साड्या घ्यायला.

सकाळी नेहरू पार्कात फिरणाऱ्या काकांच्या चौकडीत वेगळाच तंटा होता. तिथे लस घ्यावी की नाही यावर नाही, कुठली घ्यावी यावर अबोला. एक म्हणे कोव्हॅक्सिन, कारण ती हैदराबादची आणि मेलेल्या विषाणूची, मेलेला काय करणार? दुसरे कोविशील्डवाले, ते सदाशिव पेठेचे जावई. तिसरे त्यांना म्हणाले, “पुण्याची आहे, टोचणारच.” सासर कितीही लांब असलं तरी जावई लागतातच चिडायला. नंतर ते दोघे एकाच बागेत उलट्या दिशांनी फिरायचे आणि दर फेरीला समोरासमोर यायचे.

जूनमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे चिकटतात असा व्हिडिओ आला. काकांना तर साक्षात पुरावाच मिळाला. माझा चुलतभाऊ मन्या उठला, स्वयंपाकघरातून स्टीलचा चमचा आणला आणि खुद्द काकांच्या छातीवर लावला. पाऊस लांबलेला, पंखा बंद, काका बनियनवर. चमचा चिकटला! पडेचना. सगळे चिडीचूप. लस न घेतलेल्या माणसाला चमचा चिकटतो म्हटल्यावर वाद संपायला हवा होता. काका सावकाश म्हणाले, “खालच्या मजल्यावर दोघांनी घेतली आहे ना. त्याचा परिणाम वर येत असणार.” आत्याने मटारची परात खाली ठेवली, त्यांच्या छातीवर पावडर फासली आणि चमचा टणकन फरशीवर पडला.

21 जूनला लसीकरणाची मोठी मोहीम होती. त्या एका दिवसात मध्य प्रदेशात 16 लाखांच्या वर लोकांना टोचलं, एकट्या इंदूरने 2 लाखांचा आकडा ओलांडला. पण आमच्या घरातली क्रांती तिच्या आधल्या दिवशीच झाली. वॉर्डातली चार पोरं दारोदार ‘पीले चावल’ वाटत आली. इकडे लग्नाचं बोलावणं असंच करतात, आपल्या अक्षतीसारखं. त्यातला एक पोरगा खाली न थांबता थेट वर गेला, काकांच्या हातावर हळदीचे तांदूळ ठेवले, वाकून पाया पडला आणि म्हणाला, “बाबूजी, कल आपको आना है. आप नहीं आओगे तो गली वाले कैसे आएँगे?”

काकांनी बाबांच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “अब आप लोग इतना कह रहे हो तो...”

दुसऱ्या दिवशी धोतर, परीटघडीचा सदरा, खिशात पेन. सिस्टर म्हणाली, “बाबूजी, हाथ ढीला छोड़ो.” काकांनी डोळे घट्ट मिटले, मारुतीचं नाव घेतलं आणि विचारलं, “कब लगाओगे?” ती तोवर पुढच्या माणसाकडे वळली होती. मग अर्धा तास बसवून ठेवतात त्या खोलीत काकांनी चार तरुणांना अंतर वाढवण्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं, ब्रिटनसकट.

रात्री ताप आला नाही. पहाटेपर्यंत दर तासाला थर्मामीटर लावला तरी आला नाही. बाबांना मार्चमध्ये चांगला 102 चढला होता. काका सकाळी खाली आले ते तोंड पाडून. “धाकट्याला अस्सल दिली. मला पाणी टोचलंय.”

सप्टेंबरात दुसऱ्या डोसची वेळ झाल्याचा मेसेज आला. काकांनी चष्मा लावून वाचला आणि फोन उलटा ठेवला. “मेसेजने कोणी बोलावतं का?” वॉर्डातली पोरं काही या खेपेला फिरकली नाहीत. शेवटी मी वाटीभर तांदळाला हळद चोळली, समोरच्यांच्या नातवाला डोळ्यांपर्यंत मास्क लावला आणि वर पाठवताना बजावलं, पाया पडायला विसरू नकोस.