‘गिळली’ या शब्दाबद्दल, आणि ७ अंशांबद्दलही

नमस्कार,

सौम्य हिवाळ्यात स्पोर्ट्स कारला कोणते विंटर टायर घ्यावेत, या माझ्या लेखावर आपण एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपलं म्हणणं आधी थोडक्यात देतो. साधारण ७ अंशांच्या खाली विंटर टायर हवेत, हा माझ्या लेखातला आकडा म्हणजे टायर कंपन्यांची जाहिरात आहे ‘आणि लेखकाने ती न चावता गिळली आहे’. बर्फच पडत नाही तिथे विंटर टायर घेणं म्हणजे पैसे पाण्यात, वर स्पोर्ट्स कारचा अपमान. दुपारी १५ अंशांत कोरड्या रस्त्यावर हे टायर उशिरा थांबतात. ऑल सीझनचा, म्हणजे बारमाही टायरचा पर्याय मी एका ओळीत उडवून लावला. टायरवरच्या एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) या अक्षरांबद्दल मी चुकीचं लिहिलं. आणि आपण स्वतः ६ हिवाळे समर टायरवर काढलेत, गाडी एकदाही घसरली नाही.

एम प्लस एसबद्दल आपलं बरोबर आहे. ही अक्षरं छापण्यासाठी बर्फावरची कुठलीही चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरं आणि हिमकणाची खूण मात्र चाचणीनंतरच मिळते. जर्मनीत हिवाळी रस्त्यावर नुसते एम प्लस एसचे टायर चालवायची सवलत ३० सप्टेंबर २०२४ला संपली, आता ही खूणच लागते. माझ्या लेखात जुना नियम राहून गेला होता, तो काल रात्री दुरुस्त केला. चूक दाखवलीत, मान्य. पण ती एका वाक्यातली चूक होती. लेख तिच्यावर उभा नव्हता.

आता ‘गिळली’.

ज्या माणसाचा दुसरा एकही लेख वाचल्याचं आपल्या प्रतिक्रियेतून दिसत नाही, तो काय चावतो आणि काय गिळतो हे आपल्याला कुठून कळलं? मी आजवर एकाही कंपनीकडून टायर फुकट घेतलेला नाही. प्रत्येक सेट स्वतःच्या पैशाने घेतला, त्यातला एक साफ चुकला, आणि तोही इथेच लिहिला. ‘हा आकडा पटत नाही, आधार द्या’ एवढं म्हटलं असतंत तर मी आधार दिला असता. आपण ते म्हणाला नाहीत. आणखी एक. माझं मूळ वाक्य ‘साधारण ७ अंशांच्या खाली’ असं आहे. आपण ते अवतरणात दिलंत तेव्हा ‘साधारण’ गाळलंत. दुसऱ्याच्या वाक्यातला एक शब्द काढायचा आणि उरलेल्या वाक्याला भाबडं ठरवायचं, ही वाद घालायची रीत नव्हे.

आकड्यामागे काय आहे ते लेखात दोन ओळींत सांगितलं होतं. ते पुरलेलं दिसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

डांबरातली खडी डोळ्याला गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर अगदी बारीक उंचवटे असतात. रबर त्यांच्यावर दाबलं जातं, त्यांचा आकार घेतं आणि मूळ आकारात परत यायला किंचित वेळ लावतं. त्या वेळात जी ऊर्जा खर्च होते तिच्यातून पकड मिळते. कोरड्या रस्त्यावर रबर डांबराला थेट चिकटूनही पकड देतं, पण ओल्या रस्त्यावर मध्ये पाण्याचा पापुद्रा येतो आणि भिस्त मुख्यतः या दबण्या-उठण्यावर राहते. शिवाय हे उंचवटे रबराला सेकंदाला हजारो वेळा ढोसत असतात, आणि इतक्या जलद माऱ्याला रबर आहे त्याहून थंड असल्यासारखं वागतं. समर टायरचं कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, काचेसारखं कडक व्हायला विंटरपेक्षा वरच्या तापमानालाच सुरुवात होते. विंटर टायरमध्ये ते तापमान मुद्दाम खाली ओढलेलं असतं, आणि ट्रेडच्या, म्हणजे टायरवरच्या नक्षीच्या, ठोकळ्यांवर बारीक चिरा पाडलेल्या असतात, म्हणजे ठोकळा थंडीतही वाकतो.

पकड कमी होण्याच्या या उताराला पायरी नाही. ७ वर पकड आहे आणि ६ वर गेली, असं होत नसतं. एका टायरमध्ये फरक १० अंशांवर जाणवतो, दुसऱ्यात ४ वर. ७ हा ठोकताळा आहे, लोकांच्या लक्षात राहावा म्हणून धरलेला, आणि ‘साधारण’ हा शब्द तेवढ्याचसाठी होता. आता जाहिरातीचं. ट्रॅकच्या बेताचे समर टायर बनवणाऱ्या कंपन्या त्याच टायरबद्दल बजावतात की गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली ते वापरू नका, रबराला तडे जाऊ शकतात. स्वतःच्या सगळ्यांत महागड्या मालाबद्दल कंपनी असं लिहिते तेव्हा त्याला जाहिरात कसं म्हणायचं, ते आपणच सांगा.

आणि आता जे लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं ते लिहितो, कारण ‘पुस्तकी ज्ञान’ हे शब्दही आपल्या प्रतिक्रियेत आहेत.

मी १४ वर्षं रिअर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाड्या चालवतो आहे. पहिली ५ वर्षं बाराही महिने समर टायर. आपण आज जे बोलता ते सगळं मी तेव्हा बोलायचो, बहुतेक याच शब्दांत. सहाव्या हिवाळ्यात एका सकाळी बाहेर ४ अंश होते, रात्री पाऊस पडून गेलेला, बर्फाचा कणही नाही. टायरमधली हवा आदल्या दिवशी तपासलेली होती, ट्रेड ५ मिलिमीटर होता. घरातून निघून ६ मिनिटं झाली असतील, म्हणजे टायर गरम व्हायला वेळच मिळालेला नव्हता. डावं वळण, दुसरा गिअर, वेग ३५च्या आसपास. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला आणि गाडी मागून सुटली. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, ईएसपीनेही, म्हणजे गाडी घसरताना सावरणाऱ्या यंत्रणेनेही, आपलं काम केलं, पण दोघांनाही धरायला पकडच नव्हती. गाडी रस्त्याला आडवी होऊन समोरच्या लेनमध्ये थांबली. समोरून येणारी व्हॅन वेळेत थांबली. माझी मुलगी शेजारच्या सीटवर होती.

त्या सकाळपर्यंत मीही ५ हिवाळ्यांत एकदाही घसरलो नव्हतो. तुमचे ६ हिवाळे मला त्यामुळे पुरावा वाटत नाहीत.

त्यानंतर घाबरून मी जो पहिला विंटर सेट घेतला, तो चुकला. दुकानदाराने सर्वांत मऊ टायर गळ्यात मारला, कडाक्याच्या थंडीच्या, बर्फाळ रस्त्यांच्या देशांसाठी बनलेला. १२ अंशांत त्याचे ठोकळे हातात जाणवतील इतके लवत होते. स्टिअरिंग फिरवलं की गाडी क्षणभर विचार करून मग वळायची. दोन हिवाळ्यांत तो झिजून गेला. विंटर टायर ही एकच वस्तू नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि माझा लेख खरं तर याच गोष्टीबद्दल होता. सौम्य हवामानात परफॉर्मन्स विंटर, म्हणजे वेगवान गाड्यांसाठीचा विंटर टायर बघायचा: पायलट अल्पिन, सोट्टोझेरो, विंटरकॉन्टॅक्टची स्पोर्ट आवृत्ती या जातीचा. हिमकणाची खूण बर्फावरची पकड सांगते, थंड ओल्या डांबराबद्दल ती काहीच सांगत नाही. म्हणून सौम्य हवामानात राहणाऱ्यांनी खूण आहे एवढं बघून न थांबता युरोपीय लेबलवरची ओल्या रस्त्याची श्रेणी वाचावी. टायरची वेगमर्यादा सांगणारा स्पीड इंडेक्स व्ही, म्हणजे ताशी २४० किलोमीटर, किंवा त्याहून वरचा घ्यावा. एवढ्या वेगाने कोणी जाणार नसतं, पण त्या टायरची बांधणी ताठ असते आणि स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं. रिम एक इंच लहान, टायर थोडा अरुंद, ब्रेक कॅलिपर आत बसतो याची खात्री करून. आणि चारही चाकांना. फक्त मागे विंटर घातले तर ब्रेक मारताना आणि वळताना पुढची चाकं सरळ निघून जातात.

गेल्या दोन हिवाळ्यांत मी इन्फ्रारेड थर्मामीटरने रस्त्याचं तापमानही मोजतो आहे, रोज निघताना. निरभ्र रात्रीनंतर हवा ६ अंश असते तेव्हा सावलीतलं डांबर २-३ अंशांवर सापडतं, पुलावर त्याहूनही कमी. ‘आमच्याकडे ७च्या खाली जातच नाही’ म्हणताना तुम्ही मोबाइलवरचा हवेचा आकडा बघत असता. टायर रस्त्यावर असतो.

‘अपमान’ या शब्दाला फार वेळ देत नाही. पोर्शे आपल्या ९११साठी विंटर टायर तपासते, मंजूर करते आणि त्यांच्यावर एनची खूण असते. गाडी बनवणाऱ्यांना जो अपमान वाटत नाही तो तुम्हाला वाटतो. वाटू दे.

दुपारी कोरड्या रस्त्यावर विंटर टायर उशिरा थांबतो, हे खरं आहे आणि मी ते नाकारलेलं नाही. स्वच्छ उन्हात, कोरड्या रस्त्यावर आणि मोठ्या ब्रेकच्या गाडीत हाताशी भरपूर जागा असते. सकाळी नसते. मी सकाळ निवडली.

ऑल सीझन हा वेगळा विषय आहे, प्रतिक्रियेच्या उत्तरात मावणारा नाही. लिहीन तेव्हा वाचा.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. विंटर सेट चालतो तेव्हा समर सेट खोलीत असतो आणि तेवढा कमी झिजतो. तुमच्या हिशेबात ही बाजू नाही, ती धरा आणि पुन्हा मांडा.

एक विनंती आहे, आणि ती मी मनापासून करतो आहे. तुम्ही लिहिलंय की ६ हिवाळे ‘त्याच’ समर टायरवर काढले आणि ट्रेड अजून छान आहे. टायरच्या कडेवर डीओटीने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन बाजूंपैकी एकाच बाजूला पूर्ण ओळ असते, त्यामुळे कदाचित गाडीखाली वाकून पाहावं लागेल. ट्रेड कितीही उरलेला असला तरी रबर वर्षागणिक कडक होत जातं, आणि थंडीत आधीच कडक होणारं कंपाउंड जुनं झालं की दोन्हींची भर पडते. ते चार आकडे इथे लिहा. चारही टायरचे लिहा, पुढचे-मागचे वेगळे निघू शकतात. तोवर थंड, ओल्या सकाळी पहिली १० मिनिटं वळणातून बाहेर पडताना पाय हलका ठेवा.