आकार, सांगाडा आणि मी कापलेली शेपूट : साताऱ्याच्या सरांना उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

‘सूमो-१’ या मानवी प्रथिनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही साताऱ्याहून प्रतिक्रिया लिहिलीत. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसानं इतकं बारकाईनं वाचलं, याचा मनापासून आनंद झाला. तुमचे आक्षेप दोन. पहिला असा : “आकार प्रथिनाचं काम ठरवतो म्हणता, आणि पुढच्याच परिच्छेदात सूमो-१ व युबिक्विटिन यांचा आकार सारखा, पण कामं निराळी, असंही म्हणता. यातलं खरं काय?” आणि दुसरा : “मूळ चित्रात शेपटीच्या जागी नुसता गुंता आहे. मोजता आलं नाही ते तुम्ही कापून टाकलंत.” (शेपूट म्हणजे सूमो-१च्या अमिनो आम्लांच्या माळेच्या सुरुवातीचा मोकळा भाग; लेखातल्या चित्रात मी तो दाखवला नव्हता.)

पहिल्या आक्षेपात चूक माझीच आहे. ‘आकार’ हा एकच शब्द मी दोन अर्थांनी वापरला. एक अर्थ आतल्या सांगाड्याचा, दुसरा वरच्या पृष्ठभागाचा.

युबिक्विटिन हेही पेशीतलं एक छोटं प्रथिन, सूमोसारखंच इतर प्रथिनांना जोडलं जाणारं. ते म्हणजे ७६ अमिनो आम्लांची माळ. तिचे पाच पट्टे शेजारी शेजारी येऊन एक वाकलेला पत्रा होतो आणि त्याच्या कुशीत एक मळसूत्र बसतं, मुठीत काठी धरावी तसं. विजय-कुमार, बग आणि कुक यांनी १९८७ मध्ये स्फटिकावर क्ष-किरण टाकून १.८ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) बारकाव्यानं ही रचना दाखवली. सूमो-१ची रचना १९९८ मध्ये पीटर बायर आणि सहकाऱ्यांनी उलगडली, तीही स्फटिकात नव्हे तर द्रावणात, एनएमआरनं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या पद्धतीनं. दोन्ही माळांमध्ये जेमतेम १८ टक्के अमिनो आम्लं जुळतात. तरीही पट्टे आणि मळसूत्रं यांचा क्रम तोच, घडीही तीच. पद्धत वेगळी, माणसं वेगळी, म्हणून मला हा योगायोग वाटत नाही. आणखी एक कारण आहे. घडीच्या पोटात पाण्यापासून लांब राहणारी अमिनो आम्लं दाटीनं बसलेली असतात, आणि तिथला हा स्वभाव दोघांनीही जपला आहे. सांगाडा त्यांच्यावर उभा राहतो. बाहेरची बरीचशी बदलली तरी तो ढासळत नाही.

मिरज आमच्या सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. सतारमेकरांच्या गल्लीत विद्यार्थ्यांना घेऊन गेले की मी त्यांना सतार आणि तानपुरा शेजारी ठेवून बघायला सांगते. भोपळा, दांडी, घोडी, खुंट्या दोन्हींना. पण सतारीच्या दांडीवर पडदे बांधलेले असतात, तानपुऱ्याच्या दांडीवर नसतात. एकीवर राग वाजतो, दुसऱ्यावर सूर धरला जातो. लेखात मला हे म्हणायचं होतं आणि मी ते म्हटलं नाही.

पडदे कुठे आहेत ते सांगते. युबिक्विटिनमध्ये ४८व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असतं. त्याला पुढचं युबिक्विटिन जोडलं जातं, त्याला त्याच्या पुढचं, अशी साखळी होते, आणि ती ज्या प्रथिनावर असेल ते पेशी प्रोटिएसोममध्ये, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या आपल्या यंत्रात, मोडायला पाठवते. सूमो-१मध्ये नेमक्या त्या जागी ग्लुटामिन हे दुसरं अमिनो आम्ल आहे. म्हणजे साखळीची ती कडीच नाही. पृष्ठभागावरचे धन-ऋण भारही वेगळे मांडलेले, त्यामुळे त्याला हाताळणारी एन्झाइम्स वेगळी. नेड-८ हे भावंड तर युबिक्विटिनच्या आणखी जवळचं, निम्म्याहून जास्त जुळणारं. तरी युबिक्विटिनला कामाला लावणारं एन्झाइम त्याला स्वीकारत नाही, कारण ७२व्या जागी आर्जिनिनऐवजी अलानिन आहे. प्रयोगशाळेत तिथे आर्जिनिन घातलं तेव्हा त्या एन्झाइमनं नेड-८ स्वीकारलं. एका अमिनो आम्लाचा फरक! हे वर्गात सांगताना मला अजूनही थांबावं लागतं.

आता शेपूट. सूमो-१मधलं ते ग्लुटामिन मोजणीत ६९वं येतं, ४८वं नाही. मधला २१चा फरक मुख्यतः या शेपटीचाच आहे, कारण ती माळेच्या सुरुवातीला आहे आणि युबिक्विटिनला ती नाहीच.

एनएमआरमध्ये सुमारे पाच अँगस्ट्रॉमच्या आत असलेल्या हायड्रोजनच्या जोड्या ओळखता येतात. अशी शेकडो अंतरं पाळणाऱ्या अनेक रचना संगणकावर काढतात आणि एकावर एक ठेवतात. जिथे अंतरं भरपूर मिळाली तिथे रेषा एकजीव होतात, जिथे कमी मिळाली तिथे पसरतात. तुमचा संशय इथे रास्त आहे : पसरलेल्या रेषा म्हणजे हालचाल, की नुसती अपुरी मोजणी? त्या चित्रावरून ते सांगता येत नाही. त्यासाठी नायट्रोजन-१५ घातलेल्या प्रथिनावर वेगळी मोजणी करतात. माळेचा एखादा भाग बाकीच्या घडीबरोबर एकसंध फिरतो की स्वतंत्रपणे, नॅनोसेकंदांच्या वेगानं वळवळतो, हे तिच्यातून कळतं. सूमोची शेपूट खरोखर मोकळी हलते. क्ष-किरणांनी पाहिलेल्या सूमोच्या स्फटिकांतही ती सहसा दिसत नाही, कारण एका जागी ती थांबतच नाही. म्हणजे तो गुंता हीच तिची रचना आहे, आणि चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून मी ती कापायला नको होती.

शिवाय ती निकामी नाही. सूमो-२ आणि सूमो-३ या सूमो-१च्या भावंडांच्या अशाच मोकळ्या शेपटीत ११व्या जागी लायसिन आहे, आणि सूमोच्या साखळ्या तिथून वाढतात. रक्ताच्या एका कर्करोगावर आर्सेनिकचं, म्हणजे आपल्या सोमलाचं, संयुग औषध म्हणून देतात. तेव्हा रोगकारक प्रथिनावर सूमोच्या साखळ्या चढतात, आरएनएफ-४ हे एन्झाइम त्या ओळखून वर युबिक्विटिन लावतं, आणि पेशी ते प्रथिन मोडते. तेव्हा ‘सूमो प्रथिनांना मोडीत काढत नाही’ हे लेखातलं माझं वाक्यही अपुरं होतं.

तिन्ही दुरुस्त्या आज लेखात केल्या आहेत. चित्रही बदललं आहे, शेपटीसकट, सगळ्या पसरलेल्या रेषांसह. सवडीनं एकदा नजर टाका. रेषांचे रंग अजून नीट वेगळे दिसत नसतील तर कळवा.