पार्टी निघालीये!

घर विकायला काढलं की कळतं, घरात माणसं राहतात हीच त्या घराची सगळ्यात मोठी खोड. हे ज्ञान आम्हाला एजंटनं दिलं. सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारून तो म्हणाला, "घर छान आहे. फक्त इथं कुणीतरी राहतंय असं वाटतं."

"आम्ही राहतो," हे म्हणाले.

"तेच. ते दिसायला नको."

त्याचं म्हणणं असं, की बघायला येणाऱ्याला त्या घरात स्वतःला बघता आलं पाहिजे. भिंतीवर तुमचे फोटो असले की तो तुम्हालाच बघत बसतो. मग फोटो उतरले. फ्रिजवरची चुंबकं गेली, दारामागच्या खुंटीवरचे कपडे गेले, बेसिनवरचे टूथब्रश गेले. फोटो काढल्यावर भिंतीवर चौकोन उमटले. लग्नाच्या फोटोमागचा रंग अगदी लग्नातल्यासारखा टवटवीत होता. बाकीची भिंत आमच्यासारखी झाली होती.

म्हणजे रंग काढणं आलं. यांना तर बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवरची ओलही त्याच डब्यात उरकायची होती. "दोन हात मारले की झालं!" प्लंबरनं मात्र ब्रश हातातून काढून घेतला. ओल्या भिंतीवर रंग दिला की आतलं पाणी अडकतं, पाण्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या मागे साचतात, आधी फुगे येतात आणि मग पोपडे. पहिल्यांदा गळती बंद करायची, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची, रंग त्यानंतर. माझे सासरे खुर्चीतून म्हणाले, "हे मी दर पावसाळ्यात सांगतोय." ते खरंच सांगत होते. पण घरातल्या माणसानं सांगितलेलं फुकट असतं, म्हणून कुणी ऐकत नाही.

पुढचा विषय वासाचा. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. नाक सतत येणाऱ्या वासाला थोड्याच वेळात सरावतं आणि मग मेंदूला त्याची खबर देणंच बंद करतं. तेव्हा बाहेरचं नाक हवं. मी नणंदेला बोलावलं. माझ्या घरात काय खटकतं हे सांगायचं काम ती माझं लग्न झाल्यापासून करत आलीये, या खेपेला फक्त रीतसर आमंत्रण होतं. ती दारातच थांबली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वहिनी, ओल्या टॉवेलचा वास येतोय. आणि कुत्रा कधी पाळलात?"

कुत्रा नव्हता. मुलाचे बूट होते.

सुगंधी फवारा मारायलाही एजंटची बंदी. फार सुवास आला की माणूस विचारतो, हे काय झाकतायत? खिडक्या उघडा, एवढंच. नळांवरचे पांढरे डाग मी व्हिनेगरनं घालवले. ते क्षार सौम्य आम्लात विरघळतात, पण संगमरवरी ओट्यावर तेच व्हिनेगर सांडलं तर दगडाची चकाकी जाते. हे उत्साहाच्या भरात संडासाच्या ॲसिडमध्ये ब्लीच ओतायला निघाले होते. त्यातून क्लोरीन निघतो, विषारी वायू. घर रिकामं दिसायला हवं हे खरं, पण इतकंही नाही.

मग फोटो. फोटोग्राफरनं रुंद भिंगाचा कॅमेरा कोपऱ्यात कमरेच्या उंचीवर धरला आणि आमची बेडरूम एकदम सभागृहाएवढी झाली. मला ती खोली फार आवडली. अशा खोलीत राहायला मिळालं असतं तर आम्ही घर विकलंच नसतं. याचा तोटा असा, की फोटो बघून आलेला माणूस उंबऱ्यावरच थबकतो आणि म्हणतो, "हीच का ती?"

पण खरा छळ फोनचा. "पार्टी निघालीये, दहा मिनिटांत पोचते." ही दहा मिनिटं ज्यानं काढली तो जगात काहीही करू शकतो. चादरी ताणायच्या, सगळे दिवे लावायचे, भांडी पुसून कपाटात, कपाटाचं दार खांद्यानं ढकलून बंद. औषधं, दागिने आणि बँकेचे कागद पिशवीत घालून पिशवी खांद्याला, कारण परकी माणसं ड्रॉवर उघडतात. हो, उघडतात, तुमच्यासमोर, अगदी हसून. उरलेलं सगळं पलंगाखाली. माझ्या मते एखाद्या घरात किती वस्तू आहेत हे फक्त त्या घराच्या पलंगाला माहीत असतं.

अशाच एका पार्टीबरोबर एक आजोबा आले. तरुण जोडपं खिडकीतून बाहेर बघून "छान, छान" म्हणत होतं. आजोबा घरात कामाला आले होते. त्यांनी सगळे नळ एकदम सोडले आणि वर फ्लश ओढला. पाण्याचा जोर असा बघतात. मग बोटांच्या पेरांनी भिंती ठोकल्या, कुठे पोकळ वाजतंय का. ओलीच्या भिंतीपाशी आल्यावर माझ्या पोटात गोळा आला. सासरे खुर्चीतूनच म्हणाले, "ती गळत होती. आता दुरुस्त केलीये. नीट वाळवून मगच रंग दिलाय." एजंटनं कपाळाला हात लावला. आजोबांनी मात्र पहिल्यांदाच मान डोलावली.

मग बेडरूममध्ये जाऊन त्यांनी खिशातून एक काचेची गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. गोटी क्षणभर विचारात पडली, मग हळूहळू घरंगळायला लागली.

"उतार आहे," आजोबा म्हणाले.

"फरशी धुतली की पाणी काढायला बरं पडतं," हे म्हणाले.

"बेडरूममध्ये?"

तोवर गोटी पलंगाखाली गेली होती. मी "राहू द्या, मी काढते" म्हणेपर्यंत आजोबा गुडघ्यावर बसलेही. त्यांनी चादरीची लोंबती कड उचलली आणि आत बघितलं. आत टूथब्रश होते, धुवायचे कपडे होते, मुलाचे बूट होते, इस्त्री होती आणि आमचा लग्नाचा फोटो होता, तोंड बाहेर करून. आजोबांनी एकदा फोटोतल्या आम्हाला आणि एकदा उभ्या असलेल्या आम्हाला न्याहाळलं. गोटी उचलली, खिशात टाकली, आणि काही न बोलता पार्टी गेली.

संध्याकाळी एजंटचा फोन आला. मी श्वास रोखून विचारलं, "काय म्हणाले?"

"घराचं कळवतो म्हणालेत. पण आजोबा विचारतायत, पलंग घराबरोबर देणार का? इतकं सामान मावणारा पलंग त्यांनी आजवर बघितला नाही म्हणे."