पैशाची मदत केली म्हणून मत मांडता येते का?

आमच्यातल्या एका मित्राला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, परळला उपचार सुरू झाले, आणि त्याच्या घराला पैशाची मदत कशी करावी यावर डोंबिवलीच्या आमच्या कट्ट्याचे काही केल्या एकमत होईना. मदत करायची की नाही, हा प्रश्न कोणीच काढला नव्हता. रकमेवरूनही फारशी ओढाताण झाली नाही. वाद पेटला तो हे पैसे कोणाच्या हाती, कोणत्या नावाने आणि मुख्य म्हणजे कोणत्या हक्काने द्यायचे यावर. कट्ट्यावर माणसे नावापेक्षा धंद्यावरूनच ओळखली जातात, तेव्हा इथेही सीए, मास्तर, मेडिकलवाला आणि रिक्षावाला एवढीच ओळख पुरेशी आहे. ज्याच्याविषयी हे सारे चालले होते, त्याचे एमआयडीसीत लेथचे छोटे वर्कशॉप आहे, घरात आई, पत्नी आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी आहे.

सीएचा पहिला प्रस्ताव सरळ होता. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे एकदाच रक्कम द्यावी, ती सर्व एकत्र करून रुग्णालयात भरावी आणि विषय संपवावा. मेडिकलवाल्याने तो तिथल्या तिथे मोडून काढला. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचा, म्हणजे मित्राला झालेल्या रक्ताच्या कर्करोगाचा, उपचार एका बिलात संपत नाही, हे त्याने ज्या शांतपणे सांगितले त्यावरून त्याने अशी घरे पाहिली असावीत हे कळत होते. पहिल्या केमोसाठी साधारण महिनाभर दाखल व्हावे लागते. त्यात एक औषध सात दिवस आणि दुसरे तीन दिवस चालते, आणि मग रक्तातल्या पेशी इतक्या खाली जातात की खरी लढाई तिथून सुरू होते: प्लेटलेट, प्रतिजैविके, बुरशीच्या संसर्गावरची महागडी इंजेक्शने. रोग मागे हटला तर केमोच्या आणखी फेऱ्या, आणि भावंडाशी जुळणी झाली तर बोन मॅरो प्रत्यारोपण. “निदान झालं की पहिल्या महिन्यात सगळे धावतात,” तो म्हणाला, “पण चौथ्या महिन्यात, जेव्हा घरातलं सोनं मोडून झालेलं असतं, तेव्हा कोणाचा फोन येत नाही.”

म्हणून ठरले ते असे की प्रत्येकाने दरमहा झेपेल अशी रक्कम निदान वर्षभर द्यायची, आणि ती शक्यतो रुग्णालयात न भरता घरात द्यायची. हा दुसरा भाग पटायला वेळ लागला. रुग्णालयाच्या बिलाला पावती असते, त्यामुळे देणाऱ्यालाही समाधान मिळते; घरखर्चाला पावती नसते. परंतु बिलासाठी योजना, ट्रस्ट, निधी असे चार दरवाजे तरी असतात. वर्कशॉप बंद असताना यंत्राच्या कर्जाचा हप्ता कोणती योजना भरत नाही. मुलीची सेमिस्टरची फी, आईची रक्तदाबाची औषधे आणि डोंबिवली ते परळ टॅक्सीचे भाडे हेही कोणत्याच बिलात दिसत नाही. लोकलमध्ये दिव्यांग व कर्करोगग्रस्तांसाठी राखीव डबा असतो हे खरे. मात्र ज्याच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आहेत अशा माणसाला सकाळच्या गर्दीत फलाटावर उभे करणेच धोक्याचे असते.

यानंतर सीएने कराचा विषय काढला, आणि मास्तरांचा पारा चढला. मुद्दा मात्र बिनबुडाचा नव्हता. आयकर कायद्याच्या लेखी मित्र हा नातेवाईक नसतो. नातेवाईक नसलेल्यांकडून एखाद्या व्यक्तीला वर्षभरात मिळालेल्या पैशांची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर वरचीच नव्हे, संपूर्ण रक्कम त्या व्यक्तीचे उत्पन्न धरली जाते. म्हणून सीएचे म्हणणे असे की सर्व रक्कम बिनव्याजी कर्ज म्हणून दाखवावी, तसा साधा कागद करावा आणि पुढचे पुढे पाहावे. कर्ज हे उत्पन्न नसते. त्यावर मास्तरांनी विचारले, “म्हणजे सलाइन लावलेल्या माणसाकडून तू कर्जाच्या कागदावर सही घेणार? आणि उद्या तो नसला, तर तो कागद वहिनींपुढे ठेवणार?” सीएने कागद कधीच काढणार नाही असे शपथेवर सांगितले, पण वारसांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत मृताचे कर्ज त्यांच्याकडून मागता येते, हे त्यालाच आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. जो कागद काढायचाच नाही तो करायचा कशाला, हा मास्तरांचा प्रश्न मला बिनतोड वाटला. शेवटी सीएनेच मार्ग सांगितला. ५०,००० ची मर्यादा घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र असते, त्यामुळे पैसे पत्नी आणि आई यांच्या खात्यांतही जाऊ शकतात. शिवाय धंदाच बंद असल्याने त्याचे यंदाचे एकूण उत्पन्न इतके घसरले आहे की मर्यादा ओलांडली तरी कर लागेलच असे नाही. एवढे सरळ उत्तर हाताशी असताना कर्जाच्या कागदावर अख्खी संध्याकाळ का गेली, हे सीएंनाच ठाऊक. माझे मत असे की मित्र स्वतःहून “हे हातउसने समजा” म्हणाला तर त्याचा मान राखून हो म्हणावे, आपण होऊन मात्र तो शब्द काढू नये.

योजनांच्या बाबतीत मेडिकलवाला आणि मास्तर एका बाजूला होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये होते. जुलै २०२४ पासून ते पाच लाखांचे झाले आणि पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबेही तिच्यात आली. तरीही ‘ती गरिबांची योजना’ ही समजूत मध्यमवर्गीय घरातून निघत नाही, आणि आमच्या मित्राच्या घरीही तिने काही काळ वाया घालवलाच. परळचे टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असल्याने तिथे सवलतीच्या दराचा जनरल विभाग आहे, डॉक्टर तेच असतात, आणि पैशाची अडचण मांडण्यासाठी समाजसेवा विभागही आहे. पुढेमागे एखाद्या धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली, तर उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हेही मास्तरांनी सांगितले. मुख्यमंत्री सहाय्यता निधीची मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. या प्रत्येक ठिकाणी काही ना काही कागद लागतात: रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक. ते सगळे बिल भरण्याआधी जुळवावे लागतात, आणि ज्या घरातला एक माणूस दाखल आहे व दुसरा त्याच्या उशाशी बसलेला आहे त्या घराला ते जमत नाही. म्हणून मास्तरांनी रजा टाकून हे काम अंगावर घेतले. वर्षभराच्या आमच्या वर्गणीपेक्षा त्यांच्या त्या फाइलने अधिक पैसे वाचवले, असे माझे ठाम मत आहे.

मेडिकलवाल्याने आपल्या धंद्यातली एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली. २०१९ मध्ये केंद्राने कर्करोगावरील ४२ औषधांचा विक्रीतील नफा ३० टक्क्यांवर बांधला, तरी बाकीच्या कित्येक इंजेक्शनांवर छापलेली किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांत अजूनही मोठे अंतर असते. त्यामुळे त्याच औषधाचा दुसऱ्या कंपनीचा पर्याय चालेल का, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच करू नये. बाहेरून आणायची औषधे तो स्वतः खरेदीच्या भावात देऊ लागला.

इंटरनेटवर आवाहन टाकून पैसे उभे करण्याची सूचनाही आली होती. मिलाप, केटो यांसारख्या संकेतस्थळांवरून अनोळखी माणसेही मदत करतात. मित्राने केस गळालेला फोटो मुलीच्या वर्गमित्रांच्या मोबाइलवर जाईल म्हणून नकार दिला. तिथे तो विषय संपला, आणि संपायलाच हवा होता.

खरी फाटाफूट झाली ती पहिल्या केमोनंतरच्या बोन मॅरोच्या तपासणीत रोग पुरता गेलेला नाही असे कळले तेव्हा. डॉक्टरांनी पुढची अधिक कडक केमो सुचवली, पण यशाची शक्यता किती कमी आहे तेही स्पष्ट सांगितले. त्या संध्याकाळी सीए म्हणाला, “आपण सगळे देतोय, तेव्हा पुढचा निर्णय घेताना आपल्यालाही विचारलं पाहिजे. शक्यताच नसेल, तर उरलेले पैसे मुलीच्या शिक्षणाला ठेवणं शहाणपणाचं नाही का?” हे बोलणे ऐकायला कठोर वाटते, आणि कट्ट्यावर त्याला तसे सुनावलेही गेले, पण त्यामागे कंजूषपणा नव्हता, मुलीची काळजीच होती, एवढे न्यायाने म्हटले पाहिजे.

उत्तर दिले ते रिक्षावाल्याने. दरमहाच्या यादीत त्याचे नाव नाही, कारण त्याला ते झेपत नाही. त्याऐवजी तो मित्राला आणतो-नेतो, आणि रक्तगट जुळत असल्याने त्याने प्लेटलेट दिल्या आहेत. यंत्राला जोडून घेऊन तासा-दीड तासाने उठायचे. हवे तर ४८ तासांनी पुन्हा देता येतात, पण आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा ही कमाल मर्यादा. तो म्हणाला, “माझ्या प्लेटलेट चढवल्यावर दोन दिवसांत संपल्या. त्या कुठे गेल्या आणि त्यानं काय साधलं, हे मी त्याला विचारायला गेलो नाही.” सीएने लगेच सुनावले, “प्लेटलेट अंगात पुन्हा तयार होतात. पैसे होत नाहीत.” यावर सगळे हसले, पण प्रश्न तिथेच राहिला.

मला मात्र मेडिकलवाल्याने नंतर मांडलेला मुद्दा सर्वांत वजनाचा वाटला, कारण तो आम्हा देणाऱ्यांच्या लक्षातच आला नव्हता. त्याच्या मते मत मागणारा देणारा जितका त्रास देतो, तितकाच मत न मागणाराही नकळत देऊ शकतो. इतक्या लोकांनी पैसे दिले आहेत, आता आपण थांबलो तर त्यांना काय वाटेल, या विचाराने कित्येक घरे रुग्णाची इच्छा नसतानाही पुढची फेरी घेतात. मदत ‘उपचारासाठी’ म्हणून दिली की उपचार थांबवणे ही जणू विश्वासघाताची गोष्ट होऊन बसते. वेदना आवरणारी औषधे घेत घरी राहणे, नर्स ठेवणे किंवा वांद्र्याच्या शांती आवेदना सदनासारख्या, १९८६ पासून अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या ठिकाणी जाणे हेही पर्यायच आहेत, आणि आपला पैसा त्यांनाही तितकाच लागू आहे, हे देणाऱ्यानेच आधी बोलून दाखवले पाहिजे. किती द्यायचे आणि कधीपर्यंत द्यायचे हे ठरवण्याचा हक्क आपला; तो आरंभीच स्पष्ट सांगावा, म्हणजे मध्येच हात आखडण्याची वेळ येत नाही. ते कशावर खर्च करायचे हा हक्क मात्र पैसे त्यांच्या खात्यात गेले त्याच क्षणी आपल्याकडून जातो. सीएने हिशेब ठेवावा तो आमच्याकडून किती आले आणि किती पुढे गेले एवढाच. वहिनींनी त्याचे काय केले याचा नव्हे. कोणी किती दिले याची यादीही ग्रुपवर टाकू नये.

हे वहिनींना सांगायला मास्तरांनी जावे असे ठरले, आणि ते गेले. पुढची केमो घ्यायची की नाही, याबद्दल त्यांनी तिथे एक शब्दही काढला नाही. मित्राने ती घ्यायचे ठरवले आहे. सीएला हा निर्णय आजही पटलेला नाही आणि तो तसे कट्ट्यावर उघड म्हणतो. मित्राच्या घरी म्हणत नाही, एवढे त्याने मान्य केले आहे. आता नवा वाद मुलीच्या फीचा आहे. वर्षभराची मुदत संपल्यावरही तिच्या शेवटच्या सेमिस्टरपर्यंत फी आपण भरावी, असा त्याचाच प्रस्ताव आहे, आणि यावेळी हिशेब मांडून ‘इतके झेपणार नाही’ म्हणणारे आम्ही आहोत.