एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे

‘एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस झालाच. एलायझा मशीनवर होते, मशीन चुकत नाही. दर महिन्याला तपासा, आकडा उतरला की गोळ्या बंद.’ फिरत फिरत हा मेसेज माझ्या वहिनीपर्यंत पोहोचला. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार, आणि एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी. तिचा एएनएचा रिपोर्ट नुकताच पॉझिटिव्ह आलेला. तीन रात्री तिला झोप नाही. म्हणून लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

पहिलं वाक्य धादांत खोटं आहे. टॅन आणि सहकाऱ्यांचा १९९७ सालचा अभ्यास बघा. निरोगी माणसांचे नमुने १५ प्रयोगशाळांनी फ्लुओरेसन्स पद्धतीने (पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) तपासले. सीरम, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव, १:४० विरळ केलं (दुसरा आकडा जितका मोठा तितकं जास्त विरळ) तेव्हा ३१.७ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. १:८० ला १३.३ टक्के, १:१६० ला ५ टक्के, आणि १:३२० ला सुद्धा ३.३ टक्के. आजार नसलेली माणसं ही! मेसेज खरा मानला तर यातल्या जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या माणसाला ल्युपस व्हायला हवा होता. वय वाढलं, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार असला, काही औषधं चालू असली, तरी एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतो. ल्युपसच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १:८० एएनए ही फक्त आत शिरण्याची अट आहे, तिला स्वतःचे गुणच नाहीत. ताप, सांधे, त्वचा, मूत्रपिंड, रक्तपेशी आणि इतर ठरावीक अँटिबॉडी यांच्यावरून १० गुण भरावे लागतात, आणि त्यात निदान एक तरी प्रत्यक्ष लक्षण असावंच लागतं.

आता मशीन. एलायझात प्लेटच्या खळग्यांना प्रतिजनं (अँटिबॉडी ज्यांना जाऊन चिकटतात ते पदार्थ) चिकटवलेली असतात. त्यावर रुग्णाचं सीरम घालतात, धुतात, मग एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी, पुन्हा धुणं, शेवटी रंग. मशीन तो रंग अचूक मोजेलही. पण किती रंगाला ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं ती रेघ किट बनवणाऱ्याने आखलेली असते, आणि खळग्यात कोणती प्रतिजनं आहेत हेही किटगणिक बदलतं. त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. हेप-२ नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर सूक्ष्मदर्शकाखाली होणारी ती फ्लुओरेसन्सची तपासणी आजही प्रमाण मानतात ती उगीच नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते: ल्युपस झालेल्या बहुतेकांच्या रक्तात अँटिबॉडी निदानाच्या काही वर्षं आधीपासून सापडतात. मेसेजवाल्यांनी बहुधा हेच कुठेतरी वाचलं असावं. पण ल्युपसवाल्यांत अँटिबॉडी असणं वेगळं आणि अँटिबॉडीवाल्यांना ल्युपस होणं वेगळं.

दर महिन्याच्या तपासणीबद्दल एवढंच की एएनए आजाराच्या चढउताराबरोबर हलत नाही. त्यासाठी डॉक्टर डीएस-डीएनए (म्हणजे डीएनएविरुद्धची) अँटिबॉडी, कॉम्प्लिमेंट ही रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं आणि लघवीतली प्रथिनं बघतात.

आणि ‘गोळ्या बंद’! हे लिहिणाऱ्याने काय केलंय याची त्याला कल्पना तरी आहे का? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत आजार शांत असलेल्या रुग्णांच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या ल्युपसवरच्या औषधाच्या गोळ्या काढून घेतल्या, तेव्हा आजार उसळण्याचा धोका अडीच पट निघाला. उसळलेला ल्युपस मूत्रपिंडात शिरला तर सुरुवातीला काही दुखतही नाही.

वहिनीला सांधेदुखी नाही, पुरळ नाही, लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आहे. डॉक्टरांनी गोळी दिलेली नाही. लक्षणं दिसली तर यायला सांगितलंय.