डिस्क म्हणजे भाकरी नव्हे, उन्हानं वाकायला

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज सात-आठ गिऱ्हाइकांनी मला पाठवला. मजकूर थोडक्यात असा: 'ब्रेक मारल्यावर गाडी थरथरते म्हणजे उन्हाने डिस्क वाकली. दोन्ही डिस्क बदला. पैसे नसतील तर आधी बॅलन्सिंग करून बघा. घाट उतरल्यावर डिस्कवर गार पाणी मारा. पायडल थडथडत असेल तर एबीएस गेलं, त्याचा फ्यूज काढा.' अक्कलकोट रोडला माझं छोटं गॅरेज आहे, रोज ब्रेक खोलतो, म्हणून बोलतोय.

आधी ऊन. सोलापूरचा मे ४३-४४ अंशांचा, मान्य. पण भाकरीची कड उचलते तशी डिस्कची उचलत नाही. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. ताशी १०० वरून गाडी एकदा उभी केली की पुढची एकेक डिस्क साठ-सत्तर अंशांनी तापते. तुळजापूरचा घाट सगळा ब्रेकवरच उतरलात तर दोनशेच्या वरही जाते. एवढं सोसायलाच तिला ओतलेली असते. आपल्या उन्हाचं तिला काय?

मग आम्ही मिस्त्री लोकच 'डिस्क वाकली' का म्हणतो? जिभेला वळण पडलंय, दुसरं काही नाही. मापलं की बहुतेक वेळा वेगळंच सापडतं: डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. आणि फरक तरी केवढा? मिलिमीटरचा पन्नासावा भागसुद्धा स्टिअरिंगला कळतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही.

होटगी रोडचे एक सर आले होते. म्हणाले, "दीड वर्षात दोनदा डिस्क टाकल्या मालक. चार-पाच हजार किलोमीटर झकास चालते, मग परत थरथर." हे चार-पाच हजार ऐकलं आणि निम्मं कोडं तिथंच सुटलं. चाक काढलं, डिस्क उतरवली. मागं हबवर, म्हणजे डिस्क जिथं टेकते त्या भागावर, गंजाचा पापुद्रा, आणि त्याच्यावरच नवी डिस्क बसवलेली. डिस्क परत लावून, नट आवळून डायल गेजची (बारीक फरक मोजायच्या घड्याळाची) सुई टेकवली, हातानं फिरवली. एका फेरीत काटा १२ रेघा हलला, म्हणजे ०.१२ मिलिमीटर. हब तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केला, पुन्हा मापलं, ३ रेघा.

डिस्क अशी किंचित तिरकी बसली की पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीला तिची एकच जागा पॅडला चाटून जाते. हजारो किलोमीटर चाटून चाटून ती जागा पातळ होते, आणि मग थरथर सुरू. डिस्क नवी टाकली, गंज तसाच राहिला, तर फिरून तेच होणार. हवेच्या गननं नट वाटेल तसे ठोकले तरी हाच प्रकार. नट समोरासमोरचे, टॉर्क पान्यानं, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. घाई असते, कळतं. पण एवढं करायलाच हवं. कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन जाम असेल तर पॅड मागं सरकत नाही, तेही बघावं. सरांच्या डिस्कवर किमान जाडी २० मिलिमीटर कोरलेली होती, भरली २१.४. लेथवर हलका हात मारून त्याच परत लावल्या.

बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करण्याचं, सोपं आहे. ८०-९० च्या पुढं ब्रेक न लावताही गाडी थरथरत असेल तर चाकाचा दोष बघा. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका. त्यातही थरथर कुठं येते ते सांगा, फिटरचा निम्मा वेळ वाचतो. स्टिअरिंगमध्ये येत असेल तर बहुधा पुढची चाकं. सीटखाली आणि पायडलमध्ये येत असेल तर बहुधा मागचे ब्रेक. मागं ड्रम (डिस्कऐवजी डब्यासारखा ब्रेक) आणि दांड्याचा हँडब्रेक असेल तर मोकळ्या मैदानात, ३०-४० च्या वेगाला, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढून बघा. तशीच थरथरली तर दोष मागं आहे. चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट, म्हणजे त्याचे सांधे, झिजलेले असले की बारीक थरथरही मोठी वाटते. पण ते थरथर वाढवतात. ती सुरू ब्रेकमधूनच होते.

गार पाणी अजिबात नको. तापल्या बिडावर गार पाणी म्हणजे तडा जायला आमंत्रण. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर थोडं अंतर ब्रेक न दाबता चालवा, वारा लागू द्या. तापलेले पॅड एकाच जागी गच्च दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर डिस्कवर तिथंच चिकटतो, आणि तोही थरथर देतो. टोलनाक्याच्या रांगेत सपाटीवर उभे असाल तर पाय सैल सोडा.

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, तिच्याबद्दल फार बोलायला नकोच. पहिल्या पावसात रस्ता निसरडा, समोर रिक्षा वळली, कचकन ब्रेक दाबला आणि पायाखाली पायडल टर्र वाजलं, तर ते एबीएस काम करतंय. पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा. साध्या, हलक्या ब्रेकलाही थडथडत असेल तर आधी वर सांगितलेलं तपासा. एक जण खरंच फ्यूज काढून आला होता, डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला. मी आधी फ्यूज बसवला, मग जॅक लावला.